धावपट्टीच्या टोकाशी

विमानात प्रथमच बसणाऱ्या मनुष्याला भीती वाटते ती बहुधा उंचीची. खाली ढग, ढगांखाली जमीन आणि मध्ये आधार म्हणून काहीच नाही, हे पाहून त्याची छाती धडधडू लागते. परंतु जे नित्य विमान चालवितात, त्यांचे मत याहून निराळे असते. दहा हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानात काही बिघाड झाला, तर विचार करावयास थोडाफार वेळ मिळतो. उंची ही त्या वेळी गाठीला बांधलेल्या पुंजीसारखी उपयोगी पडते. विमान जमीन सोडते, ते क्षण मात्र फार कृपण असतात. वेग नुकताच मिळालेला असतो, उंची मुळीच नसते, इंधनाचे ओझे पोटात असते आणि पुढची धावपट्टी झपाट्याने संपत असते. चुकीला जागा नाही आणि चूक सुधारावयास सवड नाही, अशी ही वेळ होय. हा सारा खेळ बहुधा एका मिनिटाच्या आतच आटोपतो.

एवढे जड विमान जमिनीवरून उचलले जाते तरी कसे? वारा पडलेला असताना पतंग उडवावयाचा असला, म्हणजे मुले दोरा धरून पळत सुटतात. पतंगावर वारा येत नाही, म्हणून पतंगच वाऱ्यावर न्यावा लागतो. विमान धावपट्टीवर धावते ते याच कारणासाठी. पंखांवरून हवा वेगाने वाहू लागली म्हणजे पंखांना वर उचलणारा जोर उत्पन्न होतो. हा जोर वेगाच्या मानाने फार झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. विमानाच्या एकंदर वजनाला पुरेल इतका जोर आला, की चाके जमीन सोडण्यास सिद्ध होतात. समोरून वारा येत असेल तर तितके काम आयतेच होते. म्हणूनच विमाने शक्य तेव्हा वाऱ्याला सामोरी जाऊन उडतात.

येथे हवेचाही विचार करावा लागतो. हवा सर्वत्र आणि सर्व काळ सारखीच दाट नसते. उंच ठिकाणची हवा विरळ असते आणि तापलेली हवाही विरळ असते. पंधरा अंश उष्णतेच्या हवेशी तुलना केली, तर चाळीस अंशांची हवा सुमारे एक-बारांश विरळ भरते. विरळ हवेत पंखांचा जोर कमी पडतो आणि इंजिनांचाही दम कमी होतो. साहजिकच विमानाला अधिक वेग घ्यावा लागतो आणि तो वेग येण्यासाठी अधिक लांब धावावे लागते. मराठवाड्यातील औरंगाबाद शहर, ज्याला २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर म्हणतात, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. तेथील चिकलठाणा विमानतळावरून एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी भरलेले विमान उडवावयाचे, म्हणजे उंची, उष्मा आणि ओझे या तिहींशी एकाच वेळी गाठ पडते. हिवाळ्यातील पहाटे जे विमान सहज उडेल, तेच विमान त्याच धावपट्टीवर उन्हाळ्यातील दुपारी शेवटच्या टोकापर्यंत रेंगाळू शकते.

यावर उपाय म्हणजे गणित. विमान जागेवरून हलण्यापूर्वीच वैमानिकांनी विमानाचे वजन, हवेची उष्णता, वाऱ्याची दिशा आणि धावपट्टीची लांबी ध्यानात घेऊन तीन वेग निश्चित करावयाचे असतात. पहिला निर्णयाचा वेग. या वेगापर्यंत काही अशुभ दिसले तर ब्रेक लावून विमान धावपट्टीवरच थांबविता येते. तो वेग ओलांडला, की थांबण्यापुरती जागा उरत नाही. मग इंजिनांपैकी एक बंद पडले तरी उडणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. दुसरा वेग नाक उचलण्याचा. तिसरा वेग जमीन सोडल्यावर निर्वेध चढण्याचा. दोघा वैमानिकांपैकी एक जण विमान चालवितो आणि दुसरा वेगाच्या काट्यावर नजर ठेवून मोठ्याने सांगत जातो. नाक उचलण्याचा वेग येताच तो 'रोटेट' अशी हाक देतो. 'आता नाक वर घ्या' हा तिचा अर्थ.

नाक वर घेणे हेही दिसते तितके सोपे नाही. वैमानिकाने पुढ्यातील दांडा हळूहळू, एकसारख्या गतीने आपल्याकडे ओढावयाचा असतो. दर सेकंदाला दोन ते तीन अंश या हिशेबाने नाक वर गेले पाहिजे. फार घाई केली तर विमानाची शेपटी धावपट्टीवर घासते. फार हळू ओढले, किंवा ओढण्यास उशीर केला, तर विमान जमिनीवरच धावत राहते. आणि धावते ते केवढ्या वेगाने! ताशी अडीचशे किलोमीटर या वेगाने धावणारे विमान एका सेकंदात सुमारे सत्तर मीटर अंतर तोडते. तीन सेकंदांचा उशीर झाला तर दोनशे मीटरांहून अधिक धावपट्टी फुकट जाते. आपण 'एक, दोन, तीन' म्हणेपर्यंत हॉकीच्या दोन मैदानांएवढी जागा मागे पडते, असे म्हटले म्हणजे या उशिराची किंमत ध्यानात येईल.

ही किंमत चिकलठाण्यास एकदा द्यावी लागली. २६ एप्रिल १९९३, सोमवार, हा तो दिवस. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान दिल्लीहून निघून जयपूर आणि उदयपूर येथे थांबत औरंगाबादला आले होते. तेथून ते मुंबईस जाणार होते. मुंबई हा त्याचा अखेरचा मुक्काम. विमानात ११२ उतारू आणि ६ कर्मचारी, मिळून ११८ माणसे होती. दुपारी एकच्या सुमारास हे जड भरलेले विमान पूर्वेकडे तोंड करून धावू लागले. (धावपट्टीच्या टोकावर जो मोठा आकडा रंगविलेला असतो, तो दिशेचा असतो. नव्वद अंश म्हणजे पूर्व. म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्या पट्टीला ०९ हा क्रमांक मिळतो.) ऊन कडक होते. विमानाने बहुतेक सारी धावपट्टी खाल्ली आणि अगदी शेवटास येऊन जमीन सोडली.

धावपट्टीच्या त्या टोकापलीकडून एक रस्ता जात होता. बीड जिल्ह्यातील केज, युसूफ वडगाव या बाजूची माणसे औरंगाबादला येतात ती बहुधा बीडवरून. त्या बीडचेच नाव या रस्त्याला मिळाले होते. बीड रस्ता या नावानेच चौकशीत त्याचा उल्लेख झालेला आहे. नेमक्या त्याच वेळी या रस्त्यावरून उत्तरेकडून दक्षिणेकडे एक मालमोटार चालली होती. तिच्यात कापसाच्या दाबलेल्या गाठी होत्या. मराठवाड्यात हे दृश्य काही नवलाचे नव्हे. शेतात वेचलेल्या कापसातील सरकी काढून टाकतात आणि उरलेली रुई यंत्रात दाबून तिच्या गाठी बांधतात. एक गाठ सुमारे १७० किलोग्रॅम वजनाची असते. अशा गाठी एकीवर एक रचलेली मालमोटार रस्त्यावर एखाद्या भिंतीसारखी दिसते. सुगीनंतरच्या दिवसांत अशा कित्येक मोटारी त्या भागातील रस्त्यांवरून जात-येत असतात. त्या चालकाच्या मनात विमानाचा विचार येण्याचे कारण नव्हते. तो आपल्या रस्त्याने चालला होता.

विमान रस्त्यावर आले तेव्हा त्याची उंची फारच थोडी होती. रस्त्यापासून सुमारे सात फूट उंचीवर विमानाची डावीकडील मुख्य चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग मालमोटारीवर आदळला. तरीही विमान लगेच खाली पडले नाही. जखमी पाखराप्रमाणे ते पुढे ईशान्येच्या बाजूस सुमारे तीन किलोमीटर गेले. तेथे उच्च दाबाच्या विजेच्या तारा होत्या. त्यांना ते धडकले आणि जमिनीवर कोसळले. ११८ माणसांपैकी ५५ माणसे प्राणास मुकली. त्यांत विमानातील दोन कर्मचारी होते. ६३ माणसे वाचली. दोन्ही वैमानिक त्यांच्यात होते.

अशी दुर्घटना घडली, म्हणजे दोष कोणाचा हा प्रश्न चावडीवर, बाजारात, आगगाडीच्या डब्यात, जेथे तेथे विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तेथल्या तेथेच दिले जाते. कोणी मालमोटारवाल्याला दोष देतो, कोणी यंत्राला, कोणी दैवाला. विमानाच्या अपघाताची चौकशी करणाऱ्यांना असे उत्तर देऊन चालत नाही. विमानात एक नोंदपेटी असते. विमानाचा वेग, उंची आणि नाकाचा कोन क्षणाक्षणाला तिच्यात नोंदला जातो. दुसऱ्या पेटीत वैमानिकांचे बोलणे नोंदलेले असते. या पेट्यांना काळी पेटी म्हणण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात त्यांचा रंग भडक नारिंगी असतो. राखेत आणि मातीत त्या चटकन दिसाव्यात, हा त्यातील हेतू. अशा नोंदी, मोडतोडीचे अवशेष आणि साक्षी यांची सांगड घालून काय घडले ते उलगडावे लागते.

चिकलठाण्याच्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा दोन कारणे पुढे आली, आणि ती दोन्ही शेजारी-शेजारी मांडण्यात आली. पहिले कारण वैमानिकांची चूक. नाक उचलण्यास त्यांनी उशिरा आरंभ केला आणि नाक उचलण्याची त्यांची रीतही योग्य नव्हती. दुसरे कारण असे, की विमानांच्या उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहनांची ये-जा नियंत्रित करणे हे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचे काम होते आणि ते झाले नाही.

ही दोन कारणे निरखून पाहण्यासारखी आहेत. नाक उशिरा उचलले गेले, परंतु रस्ता मोकळा असता तर? विमान त्या रस्त्यावरून काही फुटांवरून निघून गेले असते आणि कदाचित मुंबईस सुखरूप पोचलेही असते. उतारूंना काही कळलेही नसते. उलट, मालमोटार रस्त्यावर होती, परंतु विमान वेळेवर उचलले गेले असते तर? ते पुरेशा उंचीवरून गेले असते आणि चालकाला फार तर कानठळ्या बसविणारा आवाज ऐकू आला असता. एकट्या चुकीने भागले असते तेथे दोन चुका एकाच क्षणी एकाच जागी भेटल्या. म्हणून 'वैमानिक चुकले' एवढेच म्हणून जो थांबतो, त्याने अर्धेच वाक्य वाचले असे समजावे. वैमानिकांची चूक लहान नव्हती. पण मनुष्य केव्हातरी चुकणार हे गृहीत धरूनच रस्त्याला फाटक घालावयाचे असते.

फाटकाची ही कल्पना कोणालाही नवी नाही. आगगाडीचा रूळ जेथे रस्त्याला छेदून जातो, तेथे गाडी येण्यापूर्वी फाटक बंद होते. बैलगाडीपासून एसटीपर्यंत सर्वांना मुकाट्याने उभे राहावे लागते. विमानासाठीही हे करता येते. युरोपच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टर नावाचा चिमुकला प्रदेश आहे. तेथे जागा इतकी अपुरी, की शहरात येणारा मुख्य रस्ता धावपट्टीला शेजारून नव्हे, तर चक्क मधोमध छेदून जाई. विमान येण्या-जाण्याच्या वेळी दोन्ही बाजूंचे अडसर खाली पडत, मोटारींच्या रांगा लागत आणि विमान गेल्यावर रस्ता पुन्हा मोकळा होई. कित्येक वर्षे असा क्रम चालला. २०२३ साली धावपट्टीच्या टोकाखालून बोगदा खुला झाला आणि मोटारी त्यातून जाऊ लागल्या. रस्ता आणि धावपट्टी यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. मध्ये कोणीतरी जागे मात्र असावे लागते.

चिकलठाण्याच्या विमानात माणसे होती. ज्या विमानांत केवळ माल असतो, त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. मालवाहू विमानाचे ओझे मुक्कामागणिक बदलते. एका गावी यंत्रे उतरतात, दुसऱ्या गावी फळे किंवा मासळी चढते. उतारू निदान डोळ्यांना दिसतात आणि त्यांची शिरगणती करता येते. पेट्यांच्या राशीकडे पाहून तिचे वजन सांगता येत नाही. वैमानिकाला वजन कळते ते कागदावरील आकड्यावरून. तो आकडा चुकला, म्हणजे त्यावर उभारलेले तिन्ही वेग चुकतात.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे असेच घडले. एमके एअरलाइन्सचे बोइंग ७४७ जातीचे मालवाहू विमान अमेरिकेतील ब्रॅडली विमानतळावरून माल घेऊन हॅलिफॅक्सला आले होते. तेथे आणखी माल आणि इंधन भरून ते स्पेन देशातील सारागोसा शहराकडे निघाले. त्या वेळी विमानाचे वजन सुमारे ३,५३,००० किलोग्रॅम होते. परंतु उड्डाणाचे वेग काढले गेले ते २,४०,००० किलोग्रॅम वजन धरून. ब्रॅडलीहून निघताना विमानाचे वजन इतके होते. संगणकात राहिलेला मागच्या मुक्कामाचा आकडाच पुढच्या मुक्कामाला वापरला गेला असावा, असा कॅनडाच्या चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे.

शाळेत शिकलेले साधे गणित येथे लावून पाहता येईल. खरे वजन धरलेल्या वजनाच्या जवळजवळ दीडपट होते. जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा दीडपट वजन उचलण्यास वेग सुमारे एक-पंचमांशाने अधिक हवा होता. तो वेग मिळण्यापूर्वीच वैमानिकांनी हिशेबाप्रमाणे नाक उचलले. शिवाय वजन कमी समजल्यामुळे इंजिनांनाही बेतानेच जोर दिलेला होता. विमान उठेना. त्याची शेपटी धावपट्टीवर घासली. धावपट्टी संपल्यावर ते कसेबसे उचलले गेले. परंतु पुढे मातीचा एक बांध होता आणि त्यावर विमानांना दिशा दाखविणाऱ्या यंत्रणेचे खांब उभे होते. त्या बांधाला शेपटी लागून ती तुटली आणि विमान झाडीत कोसळून पेटले. विमानात सातच माणसे होती. ती सर्व कर्मचारी होती आणि सातही मृत्यू पावली.

हॅलिफॅक्सची वेळ पहाटे चार वाजण्याच्या आतली होती. कर्मचारी आदल्या दिवसापासून कामावर होते. थकलेल्या मनुष्याला आकडा दिसतो, पण त्याचे नवल वाटत नाही. आणि नवल वाटणे हाच तर चूक सापडण्याचा आरंभ असतो. ताज्या मनाचा वैमानिक कदाचित म्हणाला असता, 'एवढा माल भरला, आणि वजन मात्र मघाचेच कसे?' चौकशी मंडळानेही थकव्याकडे बोट दाखविले.

अशी चूक केवळ मालवाहू विमानांतच होते असेही नाही. २० मार्च २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातून एमिरेट्स कंपनीचे विमान दुबईस निघाले होते. वजन ३६२.९ टन असताना संगणकात २६२.९ असा आकडा घातला गेला. तीनच्या जागी दोन, चूक एवढीच. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासू लागली. तेव्हा वैमानिकाने इंजिने पूर्ण शक्तीने चालविली आणि विमान धावपट्टीच्या टोकापलीकडून कसेबसे वर चढले. २७५ माणसे बचावली. हॅलिफॅक्स आणि मेलबर्न यांच्यातील अंतर शेवटच्या काही सेकंदांचे आहे.

तेव्हापासून सावधगिरीचे उपाय वाढले आहेत. वजनाचा आणि वेगांचा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे करावा, मग एकमेकांचे उत्तर पडताळून पाहावे, असा प्रघात पुष्कळ ठिकाणी पडला आहे. पहिल्याच्या पाटीवरून दुसऱ्याने उत्तर उतरवून घेतले तर तो पडताळा नव्हे, हे वर्गातील मुलांना निराळे सांगावयास नको. हॅलिफॅक्सच्या चौकशीनंतर कॅनडाच्या मंडळाने आणखी एक गोष्ट सुचविली. विमान धावत असताना त्याचा वेग अपेक्षेप्रमाणे वाढत आहे की नाही, हे यंत्रानेच तपासावे आणि वेग मागे पडत असेल तर थांबता येण्याजोगी धावपट्टी शिल्लक असतानाच वैमानिकांना इशारा द्यावा, अशी ती सूचना होती. काही नव्या विमानांत अशी योजना आता आलेली आहे.

चिकलठाण्यास मात्र हे यंत्र पुरे पडले नसते. तेथे उणीव होती ती नाक वेळेवर आणि योग्य रीतीने उचलण्याची. ते काम अजूनही वैमानिकाच्या हातांनीच होते. एकाची नजर वेगाच्या काट्यावर असते, दुसऱ्याचे हात दांड्यावर असतात, आणि काटा ठरलेल्या आकड्यावर आला की पहिला मोठ्याने म्हणतो, 'रोटेट'.